डायनोसॉरचा सातबारा

वाईट जमीन म्हणजे काय, हे शिकायला मला कॅनडात जायची गरज नव्हती. तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला जमिनीचे सगळे प्रकार तोंडपाठ असतात. जिरायत, बागायत, गायरान, गावठाण, पोटखराब. पण एखाद्या देशानं आपल्या मैलोन् मैल पसरलेल्या मुलखाला सरळ 'बॅडलँड्स' म्हणजे 'वाईट जमिनी' असं नाव द्यावं, वर तिथं जायला गुळगुळीत रस्ता करावा, पाट्या लावाव्यात आणि लोकांनी ती वाईट जमीन पाहायला तिकीट काढून यावं, हे मात्र महसूल खात्याच्या कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. आमच्याकडे पोटखराब जमीन दाखवायला कुणी पाहुण्यांना नेत नाही. उलट घरात लग्नाची बोलणी चालू असली तर पाहुण्यांना त्या बाजूला फिरकूच देत नाहीत.

या नावाचा दोष मूळचा फ्रेंचांचा. जनावरांची कातडी गोळा करत उत्तर अमेरिका पालथी घालणाऱ्या फ्रेंच व्यापाऱ्यांनी असल्या मुलखाला 'ओलांडायला वाईट जमीन' असा शेरा मारला. शेरा मारणारा निघून जातो आणि शेरा कायम राहतो, हा अनुभव सरकारी नोकरीत कुणाला नाही?

आमची मुलगी कॅनडातल्या कॅलगरी शहरात राहते. परदेशी राहणाऱ्या मुलीकडे आईबाप गेले की त्यांना शनिवार-रविवार काहीतरी 'दाखवणं' हे जावयाचं कर्तव्य होऊन बसतं. आमच्या जावईबापूंनी बर्फाचे डोंगर दाखवले, हिरवी तळी दाखवली, तीन मॉल दाखवले. मग एका जूनमधल्या शनिवारी ते म्हणाले, "बाबा, आज ड्रमहेलरला जाऊ. डायनोसॉर पाहायला." आठ वर्षांची नात सई आधीच बूट घालून दारात उभी होती. सौभाग्यवतींनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी डब्यात भरली. डायनोसॉर असो की देवदर्शन, तिच्या लेखी प्रवास म्हणजे डबा.

कॅलगरीहून ड्रमहेलर सुमारे एकशे पस्तीस किलोमीटर. रस्ता पोळपाटासारख्या सपाट शेतांतून जातो. दीडएक तास डोळ्यांना उंचवटा म्हणून दिसत नाही. आणि मग एकाएकी, कुणी पायाखालची सतरंजी ओढावी तशी जमीन खाली जाते. हॉर्सशू कॅनियन नावाच्या जागी आम्ही उतरलो आणि कठड्याशी जाऊन पाहतो तो खाली दुसरीच दुनिया! बोडक्या टेकड्या, उभ्या-आडव्या घळी, ना झाड ना सावली. आणि सगळ्या टेकड्यांवर आडवे पट्टे. पांढुरका, तपकिरी, राखी, मध्येच काळाकुट्ट, पुन्हा पांढुरका. सौ. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाप्पा! कोणी एवढ्या वड्या थापून ठेवल्या?"

उपमा अगदी बरोबर होती. त्या वड्या थापल्या त्याला सात कोटी वर्षं झाली. तेव्हा इथं थंडी नव्हती. उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र घुसलेला होता आणि त्याच्या काठचा हा प्रदेश आपल्या कोकणासारखा ओला, दमट आणि झाडीचा होता. नद्या गाळ आणून टाकत. दलदलीत झाडं कुजून त्यांचा पुढं कोळसा झाला. तेच ते काळे पट्टे. त्या गाळात मेलेले प्राणी गाडले गेले. पुढं हिमयुग सरताना, सुमारे तेरा-चौदा हजार वर्षांपूर्वी, वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्यांनी ही मऊ जमीन कापत नेली आणि सात कोटी वर्षांची वही मधूनच उघडली. आजही पाऊस रोज थोडीथोडी जमीन धुऊन नेतो आणि खालून हाडं डोकावतात. इथं खोदण्याचं निम्मं काम पाऊसच करतो, आणि तोही बिनपगारी.

खाली उतरण्यापूर्वी जावयांनी बजावलं, "माती ओली झाली की फार निसरडी होते हं, बाबा." मी माती हातात घेऊन पाहिली. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ही माती, बेंटोनाइट तिचं नाव. पाणी पिऊन फुगते, वाळली की तिला भेगा पडतात. मला हसू आलं. अहो, ही तर आमच्या वऱ्हाडातल्या कपाशीच्या काळ्या रानाची चुलतबहीण! आमची माती लाव्हाच्या दगडाची, ही राखेची. पण दोघींच्या अंगात फुगणारं खनिज एकाच कुळातलं. जून महिन्यात काळ्या रानात ज्याची चप्पल रुतून बसली आहे त्याला बॅडलँड्सनं निसरडेपणा शिकवू नये.

ड्रमहेलर हे गाव कोळशानं वसवलं. गावाला सॅम्युएल ड्रमहेलर या खाणवाल्याचं नाव द्यायचं की ग्रीनट्री नावाच्या दुसऱ्या रहिवाशाचं, हे नाणं उडवून ठरवलं असं सांगतात. आपल्याकडे रस्त्याच्या नामकरणासाठी किती मोर्चे निघतात ते आठवलं आणि हा नाणेफेकीचा मार्ग सुचवावासा वाटला. पण नाणं कुणाचं, यावरून दुसरा मोर्चा निघेल. १९११ ते १९७९ एवढा काळ इथं खाणी चालल्या. मग कोळशाचे दिवस संपले आणि गावानं शहाणपणानं आपल्या दुसऱ्या मालाकडे लक्ष वळवलं. २००० साली त्यांनी गावात एक टायरॅनोसॉरस उभा केला, तब्बल सव्वीस मीटर उंच, म्हणजे खऱ्याच्या चारपाच पट. एकशे सहा पायऱ्या चढून त्याच्या जबड्यात उभं राहता येतं. सई आणि तिची आजी दोघी चढल्या. मी खाली सामान सांभाळलं. वरून सौ.नं हात हलवला. सदतीस वर्षांच्या संसारात तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडी दिलेलं मी प्रथमच पाहत होतो.

पण गंमत या पुतळ्यात नाही. खरी गोष्ट आहे ती हाडांच्या मालकीची, आणि ती मात्र आमच्या खात्यातली होती.

ही हाडं काही गोऱ्यांनी 'शोधून' काढलेली नाहीत. इथल्या मूळ रहिवाशांना, पिकानी लोकांना, ती ठाऊक होतीच. ही गव्यांच्या आजोबांची हाडं, असं ते मानत. मला हे फार आवडलं. शास्त्रीयदृष्ट्या नातं चुकलं असेल, पण सापडलेल्या हाडाला आधी 'आजोबा' म्हणण्यात एक रीत आहे.

पुढं १८८४ साली जोसेफ बर टिरेल नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण इथं आला. शिकलेला वकिली, पण प्रकृती तोळामासा, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, बाबा रे, मोकळ्या हवेत काम कर. म्हणून तो कॅनडाच्या भूवैज्ञानिक खात्यात लागला. त्याला सरकारनं पाठवलं होतं कोळसा बघायला. कोळसा त्याला मिळालाच; पण ऑगस्टमध्ये एका ओढ्याकाठी कड्यातून एक भलीमोठी कवटी त्याच्याकडे दात विचकून बघताना दिसली. जवळ हत्यारं धड नव्हती. कशीबशी ती काढून गाडीत घातली आणि कॅलगरीला पोचवली. १९०५ साली न्यूयॉर्कच्या हेन्री ऑस्बॉर्ननं त्या प्राण्याला नाव दिलं 'अल्बर्टोसॉरस', कारण त्याच साली अल्बर्टा हा प्रांत जन्माला आला होता. प्रांताला नाव पडलं होतं राणी व्हिक्टोरियाच्या लेकीवरून. म्हणजे राजकन्येचं नाव फिरतफिरत एका मांसाहारी धुडाच्या गळ्यात जाऊन पडलं. टिरेलनं पुढं सोन्याच्या खाणीत भरपूर कमावलं आणि मोकळ्या हवेची शिफारस झालेला तो नाजूक गृहस्थ १९५७ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारला. डॉक्टरांचा सल्ला असा लागू पडलेलं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

यानंतर हाडांची लूटच सुरू झाली. १९०९ साली इथला एक गुरांच्या कळपांचा मालक न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेला आणि तिथली हाडं बघून म्हणाला, असली हाडं तर माझ्या रानात पडलेली असतात. हे ऐकून बार्नम ब्राउन धावत आला. टायरॅनोसॉरस पहिल्यांदा खणून काढणारा तो हाच. अंगात फरचा कोट घालून खोदकामावर उभा असलेले त्याचे फोटो आहेत. १९१० साली त्यानं एक सपाट मोठा तराफा बांधला, त्यावर तंबू ठोकला, चूल मांडली आणि रेड डिअर नदीच्या प्रवाहात सोडून दिला. काठावर हाड दिसलं की थांबायचं, खणायचं, पेटी भरायची, पुढं निघायचं. डासांनी हैराण केलं. माणसं उन्हाळ्यात तोंडाला जाळ्या बांधून काम करत. पण पेट्या भरून न्यूयॉर्कला जाऊ लागल्या.

तेव्हा ओटावाच्या सरकारला जाग आली. आपल्या रानातला माल शेजारी नेतो आहे म्हटल्यावर जागं न होणारं सरकार अजून जन्मायचं आहे. १९१२ साली त्यांनी चार्ल्स स्टर्नबर्ग आणि त्याचे मुलगे यांना कामावर घेतलं. स्टर्नबर्गही अमेरिकनच! पण माल निदान कॅनडात राहील. मग दोन तंबू, दोन तराफे आणि एकच नदी. भांडणं फारशी झाली नाहीत, कारण हाडं दोघांना पुरून उरत होती.

यातली एक गोष्ट मात्र मनाला चटका लावते. स्टर्नबर्गनं पुढं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसाठी हाडं खणली. ती 'माउंट टेंपल' नावाच्या आगबोटीनं निघाली. हीच बोट १९१२ साली 'टायटॅनिक'ची हाक ऐकून मदतीला निघाली होती आणि वेळेवर पोचू शकली नव्हती. १९१६ च्या डिसेंबरात महायुद्धाच्या धुमश्चक्रीत एका जर्मन युद्धनौकेनं ती अटलांटिकमध्ये बुडवली. सात कोटी वर्षं गाळाखाली राहून, उजेडात येऊन, महिनाभर सूर्य पाहून ते प्राणी पुन्हा गाळात गेले. एवढी घाई कुणाला होती?

अल्बर्टाला पुढं काही वर्षांनी उमगलं की आपल्या गावची हाडं पाहायची तर न्यूयॉर्क, लंडन, टोरोंटो, ओटावा गाठावं लागतं. मग त्यांनी तीन गोष्टी केल्या. १९५५ साली नदीकाठचा हाडांनी भरलेला पट्टा राखीव केला; तो पुढं १९७९ साली जागतिक वारसा ठरला. १९७८ साली कायदा केला. आणि १९८५ साली ड्रमहेलरला त्याच टिरेलच्या नावानं संग्रहालय उघडलं.

तो कायदा जावयांनी मला जेवताना, पुरीचा घास तोंडात असताना सांगितला आणि माझा घास तसाच राहिला. अल्बर्टात जीवाश्म कुठंही सापडो, मालकी प्रांताची. राखीव जागेत तर हातही लावायचा नाही. बाहेर, जमीनमालकाच्या परवानगीनं, नुसता वर पडलेला तुकडा उचलून घरी ठेवता येतो. पण मालक म्हणून नव्हे, सांभाळणारा म्हणून! विकायचा नाही, परवानगीशिवाय प्रांताबाहेर न्यायचा नाही. वाचकहो, एकतीस वर्षांत मी मालक पाहिले, कुळं पाहिली, गहाणदार पाहिले, अतिक्रमणवाले तर विचारूच नका. पण 'सांभाळणारा' हा रकाना मी कुठल्याच सातबाऱ्यावर पाहिला नव्हता. आणि खरं तर जमिनीशी आपलं नातं त्याहून जास्त असतं तरी कुठं?

टिरेल संग्रहालयात सांगाड्यांची तर रेलचेल आहे, पण माझे पाय एका काचेशी खिळले. तिथं बोरिआलोपेल्टा नावाचा चिलखती प्राणी आहे. सांगाडा नव्हे, प्राणीच. कातडी, खवले, पाठीवरचे काटे, जणू आत्ता जेवून लवंडला आहे. २०११ साली उत्तरेकडे तेल काढायच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्याला तो लागला. वय अकरा कोटी वर्षं. उचलताना त्याचे तुकडे झाले. मग मार्क मिचेल नावाच्या तंत्रज्ञानं बारीक हत्यारांनी त्याच्या अंगावरचा दगड कोरून काढला. किती वेळ? सात हजार तास. पाच वर्षांहून जास्त. २०१७ साली प्राण्याचं बारसं झालं तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात मिचेलचं नाव गुंफलं. पाच वर्षं एकाच फायलीवर बसलेली माणसं मीही पाहिली आहेत. पण फायलीतून शेवटी काही बाहेर आलेलं पाहिलं नाही. पुढं २०२० साली त्याच्या पोटात काय होतं तेही कळलं. नेचे! अकरा कोटी वर्षांपूर्वीचं शेवटचं जेवण.

सईनं तिथल्या दुकानातून एक जाडजूड पुस्तक घ्यायला लावलं. बाकावर बसून ती पानं उलटत होती. देशोदेशींच्या डायनोसॉरांची यादी. एकदम तिनं बोट ठेवलं. "आजोबा, हे काय आहे? चॅन्ड्राप्युअर?"

मी चष्मा पुसला. चंद्रपूर! माझा जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या वरोऱ्यात माझं बालपण गेलं. पुस्तकात होता तो लांब मानेचा, शाकाहारी 'आयसिसॉरस'. वरोऱ्याच्या बाजूच्या डोंगरगावाला तो सापडला. १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २००३ साली सध्याचं नाव पडलं. आयसिस ही कुठली देवी वगैरे नव्हे. ते इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या कोलकात्याच्या संस्थेचं लघुरूप, कारण शोध तिथल्या शास्त्रज्ञांचा. पुढचं नाव कोल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञावरून. गाव चंद्रपूरचं, नाव कोलकात्याचं, आडनाव अमेरिकेचं. आमच्या सईसारखंच की!

घरी परतल्यावर मी जावयांच्या मदतीनं वाचायला बसलो आणि थक्क होत गेलो. हिंदुस्थानात डायनोसॉरची हाडं १८२८ सालीच सापडली होती, जबलपूरच्या एका टेकडीवर. सापडली कुणाला? कॅप्टन स्लीमनला. होय, तोच, ठगांचा बंदोबस्त करणारा! 'डायनोसॉर' हा शब्द निघाला १८४२ साली. म्हणजे जगाला शब्द मिळण्याआधी चौदा वर्षं आमच्याकडे हाड हजर होतं. १८७७ साली लायडेकरनं त्याला 'टायटॅनोसॉरस' नाव दिलं. मग ते हाड कुठंतरी ठेवलं गेलं आणि दिसेनासं झालं. २०१२ साली भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांना ते सापडलं. कुठं? कोलकात्याच्या सरकारी संग्रहातच! मला यात जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. फाईल हरवत नाही, ती असते तिथंच असते. शोधणारा मिळावा लागतो.

आणि वरोऱ्याजवळचं पिजदुरा. तिथल्या शेतांत नांगरताना दगडाचे गोळे वर येतात. ते दगड नव्हेत, डायनोसॉरांच्या काळातली वाळून दगड झालेली लीद! १९३९ साली मॅटली नावाच्या साहेबानं त्यावर सविस्तर लेख लिहिला. साहेब कशावर लेख लिहील नेम नाही, असं म्हणून मी हसणार होतो. पण पुढं वाचलं आणि हसू विरलं. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लिदीत गवताच्या पात्यांतले गारेचे सूक्ष्म कण शोधून काढले. गवत कापताना बोट चिरतं ना, ते त्या कणांमुळं. तोवर मानलं जाई की डायनोसॉर गेल्यावर बऱ्याच काळानं गवत आलं. चित्रांतसुद्धा त्यांच्या पायाखाली गवत काढायची बंदी! पिजदुऱ्याच्या शेणानं ही समजूत खोडून काढली. भात आणि बांबू यांच्या दूरच्या पूर्वजांचं गवत तेव्हा आमच्या रानात होतं आणि ते चरणारंही कुणी होतं. कॅनडानं पोटात काय गेलं ते दाखवलं, वरोऱ्यानं बाहेर काय पडलं ते. एकाच शास्त्राची दोन टोकं.

कोळसा ड्रमहेलरला, कोळसा वरोऱ्यालाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच तिथं खाण काढली होती. फुगणारी माती दोन्हीकडे. हाडं दोन्हीकडे. पण मी वरोऱ्यात मॅट्रिकपर्यंत शिकलो, जगातल्या नद्या पाठ केल्या, आणि आपल्या तालुक्यात काय पडलंय ते मला कुणी सांगितलं नाही. ते कळलं सात समुद्रांपलीकडे, आठ वर्षांच्या पोरीच्या बोटाखाली. आपल्याकडेही २०२२ साली असा भूवारसा राखण्यासाठी कायद्याचा मसुदा निघाला. मसुदा कसा पिकतो ते मला ठाऊक आहे. पण हाडांना सवय आहे थांबण्याची. नांगराला आणि गिट्टीच्या ट्रकला मात्र ती नाही.

सईनं ठरवून टाकलं आहे. हिवाळ्यात भारतात आली की तिला पिजदुरा पाहायचं आहे. "तिथं म्युझियम आहे का, आजोबा?" नाही. "जबड्यात चढायच्या पायऱ्या?" नाही, बाळ. "मग बरं, गर्दी नसेल!" असं म्हणून ती मोकळी झाली. आणखी एक तिनं बजावलं: काही उचलायचं नाही, नुसतं बघायचं. कायदा तिला जावयांपेक्षा पक्का पाठ आहे.

मी वरोऱ्याच्या एका जुन्या सोबत्याला फोन लावला. त्याचं शेत त्याच बाजूला आहे. म्हटलं, कॅनडाहून माणूस येतोय तुझ्या बाजूची जमीन बघायला. तो घाबरला. "काहून? मोजणी आहे का?" मी सगळं समजावून सांगितलं, कवटी, तराफा, बुडालेली बोट, गवत, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "असे गोटे तर आमच्या धुऱ्यावर पडलेच राहतात. त्यात काय पाहाचं?"

१९०९ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात उभा राहून तो गुरांवाला जे बोलला, ते असंच काहीसं असणार. मी सोबत्याला एवढंच म्हटलं, "पडले आहेत ना? पडू दे. धुऱ्याला बांध घालू नको त्यांचा. आणि चहा तयार ठेव, आम्ही चौघं येतो."